चौदा नंबरचे दिवे

"माझ्या भावाने खोटी सही केलेली नाही," ती दारातूनच म्हणाली. "बसायला सांगाल तर बसते, पण आधी एवढं ऐकून घ्या."

"बसा, आणि मग पुन्हा सांगा," वहिनी म्हणाल्या.

ती बसली. चाळिशीची बाई. गळ्यात मोजपट्टी तशीच लटकत होती. शिवणाच्या मशीनवरून उठून ती थेट इकडे आली होती.

चष्म्याच्या दुकानावरची ही एक खोली म्हणजे वहिनींचं ऑफिस. बावीस वर्षं त्यांनी विमा कंपनीसाठी अपघातातल्या गाड्या तपासल्या होत्या. नोकरी सोडल्यावर त्यांनी खासगी तपासाची पाटी लावली. खिडकीपाशी बसलेले मास्तर म्हणजे त्यांचे धाकटे दीर, चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. वहिनींचं बोलणं त्यांना पहिल्या फटक्यात क्वचितच समजायचं. पण हात सुरेख चालायचा, आणि कुठेही गेलं की वही काढून ते दिसेल ते उतरवून घेत.

"भाऊ बस डेपोत इलेक्ट्रिशियन आहे," बाई सांगू लागली. "खिशात कायम पक्कड असते, म्हणून सगळे त्याला पक्कडच म्हणतात. तीन आठवड्यांपूर्वी कंपनीने बस परत बोलावल्या, ते पेपरात आलं होतं ना?"

"रिकॉल. मागच्या दिव्यांचा दोष."

"हो. प्रत्येक बसच्या मागे खाली एक कंट्रोल बॉक्स असतो. ही मंडळी त्याला डबी म्हणतात. तिच्यात पाणी शिरलं की मागचे दिवे जातात. कंपनीने नव्या डब्या पाठवल्या. डेपोतल्या चाळीस बसना त्या सहा दिवसांत बसवायच्या होत्या. सगळ्या माझ्या भावाने बसवल्या आणि चाळीस सह्या केल्या."

"आणि मग?"

बाईने मोजपट्टी बोटाला गुंडाळली. "गेल्या आठवड्यात, मंगळवारी संध्याकाळी, चौदा नंबरची बस पुलावरच्या थांब्यावर उभी होती. बारीक पाऊस पडत होता. मागून एक नर्स स्कूटरवरून आली आणि सरळ बसवर आदळली. मागचे दिवे बंद होते. बिचारीचं कंबरेचं हाड मोडलंय. दुसऱ्या दिवशी सरकारी निरीक्षकाने बस उघडली, तर आत जुनीच डबी. जळलेली. नवी बसवलेलीच नव्हती म्हणे. आणि कागदावर भावाची सही."

"चौकशी कधी आहे?"

"उद्या तीन वाजता. नोकरी जाईल ती जाईल, वर पोलीस केस होईल. तो दोन दिवस जेवलेला नाही. एकच वाक्य बोलतो, 'ताई, मी बसवली होती.'"

वहिनींनी चष्मा पुसला. "भावजी, वही घ्या. आधी हॉस्पिटल."

"डेपो नाही?" मास्तरांनी विचारलं.

"डेपोत सगळे दुसऱ्या दिवशी काय सापडलं तेच सांगतील. त्या संध्याकाळी मागून बस पाहिलेलं माणूस एकच आहे."

नर्स पाठीवर सरळ पडून होती. वयाने तिशीची. चेहरा उतरलेला होता, पण डोकं ताळ्यावर होतं.

"मी हळूच चालवत होते," ती म्हणाली. "समोर नुसता काळोख. बस आहे हे कळलं तेव्हा ती हाताच्या अंतरावर होती. दिवा असता तर मला लांबूनच दिसला असता."

"दोन्ही बाजूंचे दिवे बंद होते?"

"एकही लागलेला नव्हता. धडकले, पडले आणि मग सगळं लाल दिसायला लागलं. मला वाटलं डोळ्यांत रक्त आलं. पोलिसांनाही सांगितलं मी. ते म्हणाले, डोक्याला मार लागला की असं होतं."

"डोक्याला मार लागला होता?"

नर्स थोडी हसली. "मी नर्स आहे हो. डोक्याला साधा ओरखडासुद्धा नाही. हेल्मेट होतं. पण वाद कोण घालणार?"

"रस्ता लाल दिसत होता का?"

"रस्ता, पाणी, माझे हातसुद्धा."

वहिनींनी तिच्या हातावर हात ठेवला. "बरं झालं सांगितलंत."

बाहेर आल्यावर मास्तर हळहळले. "बिचारी. भीतीने माणसाला काय काय दिसतं."

वहिनींनी रिक्षाला हात केला.

डेपोच्या फाटकाशी रखवालदाराची लाकडी केबिन होती. आत एक स्टूल आणि एक रेडिओ. भिंतीवरचा पांढरा रंग नवा होता.

"त्या मंगळवारी चौदा नंबर आत आली तेव्हा तुम्ही होतात?"

"मीच होतो. साडेआठची वेळ. ड्रायव्हर पार खचला होता. पोलिसांनी दीड तास उभं केलेलं त्याला. गाडी रिव्हर्स घेताना माझ्या केबिनीवरच घालणार होता! मी स्टुलावर बसून रेडिओ ऐकत होतो, ही भिंत लालभडक झाली. ओरडलो तेव्हा थांबला."

"मग?"

"मग गाडी तिकडे शेडमध्ये लावली. मी फोरमनकाकांना फोन केला. ते इथेच मागच्या क्वार्टरमध्ये राहतात. म्हणाले, 'सकाळी बघू.'"

"हे सगळं कुणी विचारलं तुम्हाला?"

"मला कोण विचारतंय? मी फाटकावरचा माणूस."

ड्रायव्हर विश्रांतीच्या खोलीत बसला होता. समोरच्या चहावर साय धरली होती.

"मागचे दिवे गेले तर ड्रायव्हरला कळतं का?" वहिनींनी विचारलं.

"नाही ना! समोर काही दिसत नाही. निघताना पाहिले होते, तेव्हा लागत होते. धडक बसली, मी उतरलो, त्या बाईंना धरलं. दिव्यांकडे बघायचं भान कुणाला होतं? ॲम्ब्युलन्स आली, मग हवालदार म्हणाला गाडी बंद कर, मी केली."

"सकाळी नवी डबी काढून जुनी बसवून कुणी ठेवली असेल, असं कुणी म्हटलं तर?"

ड्रायव्हर चमकला. "असं कोण करेल? आणि कशासाठी?"

मास्तर जिन्यावर म्हणाले, "वहिनी, हा तुम्ही उगीच त्याच्या डोक्यात किडा सोडला."

"कुणाच्या डोक्यात तो आधीच आहे, ते पाहत होते."

स्टोअरकीपर नीटनेटका गृहस्थ होता. स्टोअरमधली प्रत्येक फळी चिठ्ठी लावलेली.

"चाळीस नवे संच आले," तो म्हणाला. "प्रत्येकात एक डबी, एक रबरी वॉशर, चार स्क्रू आणि वायर बांधायचे दोन प्लास्टिकचे पट्टे. अपघातानंतर मोजलं तर एक संच शिल्लक. जुन्या डब्या कंपनीला परत जायच्या म्हणून या क्रेटमध्ये ठेवल्या, त्या एकोणचाळीस. म्हणजे चौदा नंबर राहिलीच होती. मला पक्कडबद्दल वाईट वाटतं, पण आकडे काही माझ्या सांगण्याने बदलत नाहीत."

"चावी?"

"एक माझ्याकडे, एक फोरमनकाकांकडे. त्या मंगळवारी आणि बुधवारी मी परगावी होतो. सासऱ्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. गुरुवारी आलो तेव्हा मोजणी केली."

"शिल्लक संच बघू?"

त्याने खोका उघडला. वहिनींनी एकेक वस्तू टेबलावर मांडली. डबी, वॉशर, चार स्क्रू.

"पट्टे?"

स्टोअरकीपरने खोका उलटा केला. "पडले असतील कुठे. बारीकसारीक वस्तू."

"एकदा ओढून बसवले की ते सोडवता येतात का?"

"नाही, कापावेच लागतात."

मग त्या क्रेटकडे वळल्या. जुन्या डब्या धुळीने काळ्या झाल्या होत्या आणि प्रत्येकीवर पांढऱ्या रंगाने बसचा नंबर लिहिलेला होता.

"ही पक्कडची सवय," स्टोअरकीपर म्हणाला. "काढली की लगेच नंबर टाकायचा."

मास्तर गुडघ्यांवर बसून डब्या ओळीने लावू लागले. "एक, दोन, तीन... तेरा, पंधरा. चौदा नाही. बाकी सगळ्या आहेत. अक्षर छान आहे हो पोराचं, आकडे कसे टोकदार! फक्त ही तेहतीस नंबरची जरा गुबगुबीत झाली आहे. दोन्ही तीन पोटं सुटल्यासारखे दिसतात." त्यांनी ते तीन वहीत काढून घेतले.

"रिकॉलच्या आधी इथल्या किती बसचे दिवे गेले होते?" वहिनींनी विचारलं.

"दोन. आठ आणि तेहतीस. दोन्हीच्या डब्या आतून जळल्या होत्या. डबी जळली की संपलं, बदलेपर्यंत दिवा लागत नाही. तक्रारवहीत आहे सगळं."

वहिनींनी आठ नंबरची डबी उघडली. आतली पट्टी कोळशासारखी झालेली. मग त्यांनी तेहतीस नंबरची उघडली, आत पाहिलं, बंद केली आणि जागेवर ठेवली. आतली पट्टी हिरवीगार आणि चकचकीत होती.

"चला भावजी," त्या म्हणाल्या.

कंपनीचा इंजिनिअर व्यवस्थापकाच्या केबिनमध्ये बसला होता. इस्त्रीचा शर्ट, समोर जाड फाइल.

"आमची नवी डबी शंभर टक्के पाणीबंद आहे," तो म्हणाला. "ती बसवली असती तर हा अपघात झालाच नसता. झाला, कारण बसवली नाही. यात तपासण्यासारखं आहे काय?"

"अपघाताच्या संध्याकाळी तुम्ही कुठे होतात?"

"दुसऱ्या शहरात, दुसऱ्या डेपोत. बुधवारी दुपारी बाराला इथे पोहोचलो. तोपर्यंत निरीक्षकांनी गाडी उघडून पंचनामाही केला होता. तो झाला सकाळी नऊला."

"डबीला वायरीचा प्लग कसा जोडतात?"

"प्लगला क्लिप आहे. दाबली की टक् आवाज होऊन बसते. सूचनापत्रात स्पष्ट लिहिलंय, आवाज आला नाही तर बस रस्त्यावर आणायची नाही आणि आम्हाला कळवायचं. चाळीसही बसबद्दल एकही तक्रार आली नाही. 'सर्व क्लिप तपासल्या' असा दाखला आहे, वर्कशॉप प्रमुखाच्या सहीचा." त्याने कागद पुढे केला. सही फोरमनची होती.

फोरमन उंच, किंचित वाकलेले. डोक्यावरचे केस पूर्ण पांढरे. त्यांनी स्वतः खुर्ची पुसून वहिनींना दिली.

"पक्कडला मी हाताला धरून काम शिकवलंय," ते म्हणाले. "माझ्या पोटच्या मुलासारखा आहे. एक गाडी नजरचुकीने राहिली असेल. चाळीस गाड्या सहा दिवसांत, माणूस आहे शेवटी. मी चौकशीत हेच सांगणार आहे. ताकीद द्या, पण पोलीस केस नको."

"तुम्हाला अपघात कधी कळला?"

"फाटकावरून फोन आला, पावणेनऊच्या सुमारास. अंगात कणकण होती, झोपून गेलो. सकाळी सातला कामावर आलो, नऊला निरीक्षकांसोबत गाडी पाहिली. त्याआधी मी तिच्याजवळही गेलो नाही."

"किती दिवस राहिले तुमच्या निवृत्तीला?"

"दोन महिने." ते खिडकीतून बाहेर बघत राहिले.

खोलीच्या बाहेर भिंतीवर गाड्यांच्या वाटपाचे कागद टाचलेले होते. मास्तर ते उतरवून घेत उभे राहिले. त्यातला एक हाताने लिहिलेला होता: *बुधवार, सकाळी ५.४०. गाडी ३, १३, २३, ३०. सीटदुरुस्तीसाठी पुढील सूचनेपर्यंत फक्त दिवसपाळी.* खाली फोरमनची सही.

"पाय दुखतायत," मास्तर म्हणाले. शेडमध्ये तेवीस नंबर उभी होती. ते आत जाऊन बसले आणि पाच मिनिटांनी खुशीत उतरले. "काय सीट आहेत, वहिनी! गादीसारख्या. एकही फाटलेली नाही. आपल्या ऑफिसात अशी खुर्ची हवी."

वहिनींनी तो कागद दुसऱ्यांदा वाचला.

पक्कड घरी होता. बहिणीच्या शिवणाच्या मशीनशेजारी जमिनीवर भिंतीला टेकून बसलेला. पस्तिशीचा, रुंद हातांचा. खिशात पक्कड नव्हती, ती डेपोने काढून घेतली होती.

"एकच विचारते," वहिनी म्हणाल्या. "नव्या डब्या बसवताना काही अडलं?"

"अडलं असं नाही. चार-पाच गाड्यांत क्लिप बसल्याचा आवाज आला नाही. मी काकांना बोलावलं. ते स्वतः गाडीखाली शिरले, अंगठ्याने दाबलं आणि म्हणाले, 'बसली, चल पुढे.'"

"कोणत्या गाड्या?"

"नंबर आठवत नाहीत. दिवसाला सात गाड्या होत होत्या."

"हे आतापर्यंत कुणाला का नाही सांगितलंस?"

पक्कडने मान वर केली. "सांगून काय? नवी डबी सापडलीच नाही म्हणतात, मग तिच्या क्लिपचं काय घेऊन बसू? आणि काकांचं नाव कशाला मधे आणू? त्यांनी मला लावलंय इथे."

ताई मशीन थांबवून ऐकत होती. "बघा," ती म्हणाली. "असा आहे हा."

दुसऱ्या दिवशी वहिनींनी व्यवस्थापकाला फोन केला. चौकशी तीनऐवजी दोनला घ्या आणि ऑफिसऐवजी शेडमध्ये घ्या, एवढंच सांगितलं. कारण विचारल्यावर म्हणाल्या, "पाच वाजता तुमच्या संध्याकाळच्या गाड्या सुटतात ना? त्याआधी संपायला हवं."

दोन वाजता सगळे शेडमध्ये जमले. व्यवस्थापक, निरीक्षक, इंजिनिअर, स्टोअरकीपर, ड्रायव्हर. फोरमन एका बसला टेकून उभे होते. पक्कड आणि त्याची ताई जरा बाजूला. वहिनींनी मध्ये तेवीस नंबर उभी करायला लावली होती.

"मागचे दिवे लावा," त्या म्हणाल्या. लाल दिवे लागले. "आता कुणीतरी मागच्या बंपरवर रबरी हातोडा मारा."

"हा काय खेळ चाललाय?" इंजिनिअर म्हणाला.

ड्रायव्हरने हातोडा घेतला. पहिल्या ठोक्याला काही झालं नाही. दुसऱ्यालाही नाही. तिसऱ्या ठोक्याला दोन्ही दिवे विझले.

निरीक्षक वाकून दिव्यांकडे बघू लागले.

"आणखी एक," वहिनी म्हणाल्या. ठोका पडला आणि दिवे परत लागले.

"नर्सबाईंनी हेच पाहिलं," त्या म्हणाल्या. "धडकेआधी काळोख आणि धडकेनंतर सगळं लाल. पोलिसांना वाटलं, डोक्याला मार लागला. पण त्यांच्या हेल्मेटखाली ओरखडासुद्धा नव्हता. दीड तासाने रखवालदाराच्या भिंतीवर लाल उजेड पडला. त्याच्या तर डोक्याला काही झालं नव्हतं. म्हणजे अपघातानंतर चौदा नंबरचे दिवे लागत होते."

"मग काय झालं?" व्यवस्थापकाने विचारलं.

"जळलेली डबी परत चालू होत नाही. हे स्टोअरकीपर सांगतात, तुमची तक्रारवही सांगते. मंगळवारी साडेआठला दिवे चालू आणि बुधवारी नऊला आत जळलेली डबी. मधल्या वेळात कुणीतरी डबी बदलली. पक्कडने नवी बसवली होती. ती काढून जुनी ठेवली गेली."

निरीक्षक पुढे झाले. "पुरावा?"

"शिल्लक संचात पट्टे नाहीत. नवाकोरा संच असता तर दोन पट्टे असते. पण पट्टे कापल्याशिवाय डबी निघत नाही. कापलेले पट्टे खोक्यात कोण ठेवणार? वॉशरसुद्धा भिंगाखाली धरून बघा, दाबल्याची गोल खूण आहे."

"पण क्रेटमध्ये एकोणचाळीसच डब्या होत्या," स्टोअरकीपर म्हणाला. "चौदा नंबरची नव्हती."

"होती. तिच्यावर आता तेहतीस लिहिलंय." वहिनींनी डबी उघडून सगळ्यांसमोर धरली. "तेहतीस नंबरची डबी जळली होती. ही बघा, ठणठणीत. ज्याने अदलाबदल केली त्याला एक जळलेली डबी हवी होती. इथे दोनच होत्या. त्याने तेहतीसची उचलली, तिचा नंबर पुसला आणि चौदाखाली बसवली. मग क्रेटमधली चौदा पुसून तिच्यावर तेहतीस घातला. मोजणी बरोबर जुळली. फक्त आकड्यांचं वळण जुळलं नाही. ते माझ्या दिरांनी पाहिलं."

"मी?" मास्तर दचकले.

"गुबगुबीत तीन, भावजी. वहीत काढलेत तुम्ही. आणि तेच तीन तुम्ही दुसऱ्या एका कागदावरूनही उतरवून घेतलेत."

मास्तरांनी पानं उलटली. त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. त्यांनी वही निरीक्षकांच्या हातात दिली.

"कोण करू शकतं?" वहिनी पुढे म्हणाल्या. "स्टोअरच्या चाव्या दोन. एक स्टोअरकीपरसोबत परगावी. इंजिनिअरसाहेब बुधवारी दुपारी आले. ड्रायव्हरकडे चावी नाही आणि अदलाबदलीचं कारणही नाही. नवी डबी निकामी ठरली असती तर त्याचीच सुटका होती. पण मला खरं पटलं ते एका आदेशावरून. तीन, तेरा, तेवीस, तीस. या चार गाड्या फक्त दिवसपाळीला. कारण, सीटदुरुस्ती. या तेवीसमध्ये माझे दीर बसून आले, सीट नव्या आहेत. मग या चार गाड्या संध्याकाळी का नकोत? कारण संध्याकाळी दिवे लागतात."

त्यांनी निरीक्षकांच्या हातातल्या वहीत तो आदेश दाखवला.

"आदेश बुधवारी पाच चाळीसचा आहे. चौदा नंबर उघडली नऊला. चौदाची जुनी डबी जळली असं ज्याला वाटत होतं, त्याला दुरुस्त झालेल्या चार गाड्या बाजूला काढायचं कारणच नव्हतं. सैल क्लिपमुळे दिवे जातात असा ज्याला संशय होता, त्यालाच होतं. आणि कोणत्या गाड्यांत क्लिप बसली नव्हती, हे एकाच माणसाला ठाऊक होतं. त्याने त्या स्वतःच्या अंगठ्याने दाबल्या होत्या."

पक्कड फोरमनकडे बघत होता. "काका," तो म्हणाला, "नाही म्हणा."

फोरमननी टेकलेल्या बसवरचा हात काढला.

"मला वाटलं होतं, बसल्या," ते म्हणाले. "अंगठ्याखाली घट्ट लागल्या होत्या. कळवलं असतं तर चाळीसही गाड्या उभ्या राहिल्या असत्या, म्हणून दाखल्यावर सही केली. मंगळवारी फोन आला आणि मी शेडमध्ये आलो. बटण दाबलं तर दिवे लागले. डबीच्या प्लगला हात लावला तर विझले. तेव्हाच समजलं."

"आणि सही माझी होती," पक्कड म्हणाला.

"एक गाडी राहून गेली म्हणतील, ताकीद देतील, असं धरून चाललो होतो. त्या मुलीला इतकं लागलंय हे सकाळी कळलं. तोवर पंचनामा झाला होता. मग रोज ठरवायचो, आज बोलतो. आणि रोज चार गाड्या दिवसपाळीला लावायचो."

"सदतीस वर्षं नोकरी झाली तुमची," व्यवस्थापक हळू आवाजात म्हणाला.

ताई पुढे आली. "माझा भाऊ तुमच्या नावाला जपत उपाशी बसला होता, काका. दोन दिवस."

फोरमननी तिच्याकडे पाहिलं नाही.

निरीक्षकांनी आपल्या पिशवीतून जळलेली डबी काढली. खोबणीत नखाने खरवडलं. नखाला पुसलेल्या आकड्याचा पांढरा रंग लागला. त्यांनी तो कागदावर टिपून घेतला.

"इंजिनिअरसाहेब, कंपनीला फोन लावा," वहिनी म्हणाल्या. "ही डबी इतर शहरांतही गेली असेल."

इंजिनिअर आधीच फोन कानाला लावून बाहेर निघाला होता. शर्टाची बाही त्याने कोपरापर्यंत वर सारली होती.

"आजची संध्याकाळची पाळी?" व्यवस्थापकाने घड्याळ पाहिलं. अडीच वाजले होते. "लोक थांब्यांवर उभे राहतील."

"राहू देत," निरीक्षक म्हणाले. "प्रत्येक गाडीची क्लिप तपासल्याशिवाय एकही बाहेर जाणार नाही. तपासणार कोण?"

सगळ्यांनी पक्कडकडे पाहिलं. व्यवस्थापकाने ऑफिसातून त्याचं हत्यारांचं खोकं मागवलं. पक्कडने ते उघडलं, बॅटरी घेतली आणि पहिल्या बसखाली शिरला.

फोरमनचा जबाब निरीक्षकांनी तिथेच, एका बाकावर बसून लिहून घ्यायला सुरुवात केली. गाडीखालून आवाज येत होता आणि स्टोअरकीपर टिपून घेत होता.

"एक, घट्ट."

"दोन, घट्ट."

"तीन, सैल."

फोरमननी मान हलवली. ती त्यांना माहीत होती.

"चार, घट्ट. पाच, घट्ट."

मग थोडा वेळ गेला. बॅटरीचा उजेड बसखाली इकडून तिकडे हलला.

"सहा, सैल."

फोरमन बोलता बोलता थांबले. "सहा नाही," ते म्हणाले. "सहाची क्लिप वाजली होती. नीट बघ."

"सैल आहे," गाडीखालून आवाज आला. "वाजली असेल तेव्हा. नंतर हादऱ्यांनी निघालीय."

निरीक्षकांनी लेखणी थांबवली. व्यवस्थापकाने वाटपाचा कागद काढून पाहिला. सहा नंबर रोज संध्याकाळी सातची फेरी करत होती, काल आणि परवाही.

"मी फक्त चारच..." फोरमन म्हणाले. ते दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून खाली बघत बसले.

मास्तरांनी वहिनींकडे पाहिलं. त्यांना या वेळी पहिल्या फटक्यात समजलं होतं.

पक्कड बसखालून बाहेर सरकला. कपाळाला ग्रीस लागलं होतं. त्याने फोरमनच्या बाकाकडे एकदा पाहिलं, बॅटरी दुसऱ्या हातात घेतली आणि सात नंबरकडे गेला. चौदा नंबर सोडून अजून तेहतीस गाड्या बाकी होत्या.